अभिरुचीचा सातबारा

मिळकतीविषयी खोटे बोलावयाची वेळ आली म्हणजे मनुष्य ती कमी करून सांगतो आणि अभिरुचीविषयी खोटे बोलावयाचे झाले म्हणजे ती वाढवून सांगतो. पहिल्या प्रकारच्या खोट्याचा छडा लावण्यासाठी सरकारने प्राप्तिकर नावाचे एक जागरूक खाते निर्माण करून ठेवले आहे; दुसऱ्या प्रकाराची चौकशी करणारा अंमलदार मात्र अद्याप नेमला गेलेला नाही. त्यामुळे आमच्या नाशकातील इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, फेऱ्या पुऱ्या करून गुडघ्यांना विसावा देण्यासाठी बाकावर टेकलेल्या सेवानिवृत्त मंडळींत, लहानपणी ‘पथेर पांचाली’ पाहून भारावून गेलेल्या गृहस्थांची संख्या इतकी मोठी आढळते, की सत्यजित राय यांनी १९५५ साली तो चित्रपट बंगालसाठी नव्हे, तर निफाड, सिन्नर आणि येवला या तालुक्यांसाठीच काढला असावा, अशी एखाद्या परस्थ मनुष्याची प्रामाणिक समजूत व्हावी.

या मेळाव्यात सत्याचा पक्ष घेणारे गृहस्थ एकच. ते महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले असून, ‘ही जमीन आमची वडिलोपार्जित’ असे कोणी म्हणताच ‘उतारा आणलात का?’ असे विचारण्यात त्यांच्या नोकरीची सारी वर्षे गेली आहेत. तेव्हा ‘माझ्या अभिरुचीवर जपानी चित्रपटांचा संस्कार आहे’ हे विधान अशा मनुष्याने उताऱ्याशिवाय मान्य करावे, ही अपेक्षाच गैरवाजवी होय. एका राष्ट्रीयीकृत बँकेतून शाखाधिकारी म्हणून बाहेर पडलेल्या आमच्या एका स्नेह्यांनी मध्यंतरी कुरोसावाच्या ‘राशोमोन’ने आपणांस घडविले असे निवेदन बाकावर सादर केले, तेव्हा त्यांची जी जबानी झाली ती मी जवळ बसून ऐकलेली आहे.

“‘राशोमोन’ कुठं पाहिलात, साहेब?”

“पुण्याला. फिल्म अर्काइव्हमध्ये.”

“वय काय असेल तेव्हा?”

“असेल तीस-बत्तीस.”

“म्हणजे लग्न झालेलं होतं.”

“हो. पण त्याचा इथं काय संबंध?”

“संबंध आहे. लग्नानंतर आलेला तो संस्कार नव्हे, ती खरेदी. खरेदीखत बाजूला ठेवा. त्याआधी जमीन कोण कसत होतं ते सांगा. शाळेत असताना काय पाहिलंत?”

शाखाधिकाऱ्यांनी प्रथम बुटांच्या नाड्यांकडे, नंतर पांडवलेण्यांच्या डोंगराकडे पाहिले आणि अखेर अत्यंत खालच्या आवाजात ‘हाथी मेरे साथी’ हे नाव उच्चारले.

“एकदाच?”

“शाळेनं एकदा नेलं होतं. मग मामाबरोबर. मग…”

“रडलात?”

“हत्ती जातो तेव्हा कोण रडत नाही हो?”

“मालकी ‘राशोमोन’ची, वहिवाट हत्तीची,” अव्वल कारकुनांनी निकाल दिला, आणि कूळकायद्याच्या अंमलबजावणीत केस पांढरे झालेल्या त्या पुरुषाने पुढे असेही बजावले, की १ एप्रिल १९५७ रोजी कसणारी कुळे ज्या न्यायाने जमिनीची मालक झाली, त्याच न्यायाने शाखाधिकाऱ्यांच्या मनाचा मालक १९७१ सालचा तो हत्ती आहे आणि कुरोसावा यांना फार तर इतर हक्काच्या रकान्यात जागा मिळू शकेल.

हा न्याय मला तेव्हापासून पूर्णपणे पटलेला आहे. लहानपणी आपण कोणते चित्रपट पाहिले, यास आपल्या आवडीनिवडीचा काही आधार होता अशी आपली समजूत असते. वस्तुतः तिकिटाचे पैसे दुसऱ्याचे, परवानगी तिसऱ्याची, थिएटर चौथ्याचे आणि पडद्यावर काय यावे व काय येऊ नये हे ठरविण्याचा अधिकार सरकारी मंडळाचा, अशा वाटणीत आपल्या स्वतःच्या हिश्श्याला आले असेल तर ते पुढच्या खुर्चीवरील गृहस्थाच्या डोक्याभोवती मान वळविण्याचे स्वातंत्र्य तेवढे आले. जिला आपण आज मोठ्या दिमाखाने ‘माझी अभिरुची’ असे संबोधतो, ती या सर्व मंडळींनी आपणांस न विचारता सामायिकात केलेली लागवड आहे.

इंदिरानगरात तर ही लागवड फार विविध प्रकारची आढळते, कारण ही वस्ती मुळी जुन्या नाशकाची नव्हे. वडाळा, पाथर्डी या गावांच्या शिवारालगत घरे उठू लागली तेव्हा कोणी ओझरच्या विमान कारखान्यातून, कोणी नाशिकरोडच्या मुद्रणालयातून, कोणी सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतून, तर कोणी जिल्हा परिषदेतून कर्जाचे हप्ते बांधून घेऊन येथे आला, आणि येताना ट्रकमध्ये लोखंडी कपाट, पाटा-वरवंटा व तुळशीवृंदावन यांबरोबर आपापल्या गावचे थिएटरही घालून घेऊन आला. रथचक्र चौकात भाजी घेत उभ्या असलेल्या चार गृहस्थांपैकी एकाचा चित्रपट यात्रेतल्या तंबूत सुरू होतो, दुसऱ्याचा साखर कारखान्याच्या पटांगणावर, तिसऱ्याचा मनमाडच्या रेल्वे वसाहतीत आणि चौथ्याचा शेजाऱ्याच्या खिडकीत. आणि एकाच चित्रपटाविषयी बोलत असताना ते चौघे चार निरनिराळ्या चित्रपटांविषयी बोलत असतात, ही गोष्ट भाजीवालीखेरीज कोणाच्या लक्षात येत नाही.

या सर्व उताऱ्यांतील अव्वल नोंद मात्र आमच्या अगदी शेजारी आहे. वडाळा-पाथर्डी रस्त्याने पाथर्डी फाटा गाठून महामार्गाला लागले, की पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक लागते. इंदिरानगरचा बोगदा ओलांडून शहरात जाण्यापेक्षा हे अंतर केव्हाही सुखाचे. कारण त्या बोगद्यातून संध्याकाळी पलीकडे पोहोचेपर्यंत चित्रपटाचे मध्यांतर झालेले असते. दादासाहेब ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि हिंदुस्थानात पहिली हलती चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखविली गेली, त्यामुळे बालपणी चित्रपट पाहून बिघडण्याची जी संधी पुढील पिढ्यांना विनासायास मिळाली ती या पुरुषास मिळू शकली नाही. त्याचे चित्रपटविषयक बालपण चाळिशीच्या घरात सुरू झाले. मुंबईत येशूच्या चरित्रावरील एक चित्रपट त्यांनी पाहिला, आणि डोळ्यांपुढून येशू जात असता आपल्या मनात मात्र राम-कृष्ण दिसत होते, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. थिएटरात एक चित्रपट लागलेला असताना मनात दुसराच पाहावयाचा, ही आम्हां मराठी प्रेक्षकांची खोड इतकी पुरातन आहे हे मला त्यावरून प्रथम कळले.

त्यानंतर त्या गृहस्थाने जे केले ते बालपणाखेरीज दुसऱ्या कोणत्याही वयात क्षम्य ठरत नाही. त्याने दुसऱ्या खेपेस पत्नीस बरोबर नेऊन तोच चित्रपट पुन्हा पाहिला, मिळेल तो चित्रपट पाहून डोळे दुखवून घेतले, कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो याचे चित्रीकरण केले आणि विम्याच्या पॉलिशा तारण ठेवून १९१२ साली विलायत गाठली. (आमच्या बाकावरील विमा महामंडळाचे निवृत्त अधिकारी या ठिकाणी नेहमी डोळे मिटून घेतात.) परतल्यावर काढलेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्यात तारामतीचे काम करावयास एकही स्त्री मिळेना म्हणून उपाहारगृहात नोकरीस असलेले साळुंके हे तारामती झाले; आणि पुढे कारखाना नाशकास आणल्यावर १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका वठविल्या, त्यामुळे सीतेच्या विरहाने व्याकूळ झालेला तो राम पडद्यावर वस्तुतः स्वतःच्याच शोधात फिरत होता. राम पडद्यावर येताच प्रेक्षक पादत्राणे काढून ठेवीत असे सांगतात. सीतेचे दंड पाहून कोणी ती परत पायांत घातल्याचे मात्र कोठे नमूद नाही. पुढे १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ लागला तेव्हाही थिएटरबाहेर चपलांचा खच पडत असे. तेव्हा या बाबतीत आमच्या जिल्ह्याने घालून दिलेली वहिवाट निदान अठ्ठावन्न वर्षे अबाधित राहिली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता माझी स्वतःची जबानी. माझे बालपण जुन्या नाशकातील एका वाड्यात गेले आणि सर्कल, विजयानंद, चित्रमंदिर, मधुकर, हेमलता, दामोदर ही नावे मला बाराखडीच्या आगेमागेच पाठ झाली. परंतु या चित्रपटगृहांत चित्रपट कसा सुरू होतो हे मला पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते. आमचे एकत्र कुटुंब. सहाच्या खेळाला निघावयाचे ठरले म्हणजे पाच वाजता आजीचा डबा भरला जाई, सव्वापाचला धाकट्या काकांचे स्नान होई, साडेपाचला ‘गॅस बंद केला का’ या प्रश्नावर एक लहानशी परिषद भरे, आणि डोअरकीपरच्या बॅटरीच्या उजेडात, लोकांच्या पायांवरून वाट काढीत, ‘अहो, जरा सरका’ असे विनवीत आमचा कबिला स्थानापन्न होई तेव्हा पडद्यावरील बालके केव्हाच मोठी होऊन मोटारी हाकू लागलेली असत.

जो काळ भावाभावांच्या ताटातुटीचा होता त्या काळात ही गैरहजेरी किती महाग पडत असे, याची कल्पना वेळेवर पोहोचणाऱ्या कुटुंबांना यावयाची नाही. ‘यादों की बारात’ १९७३ साली आला. तीन भाऊ लहानपणी दुरावतात आणि एका गाण्याच्या खुणेवरून एकमेकांस ओळखतात, हे सारे अवघ्या देशास माहीत. परंतु दुरावण्याचा भाग आमचे काका स्नान करीत असताना होऊन गेल्यामुळे, हे तिघे भाऊ आहेत ही वार्ता आमच्या कुटुंबास त्या तिघांच्या बरोबरीनेच कळली. शेजारचा प्रेक्षक, ज्याला हे पहिल्यापासून ठाऊक होते तो, शांत चित्ताने शेंगदाणे सोलीत होता, आमची सबंध रांग मात्र हतबुद्ध होऊन एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होती, आणि आजी तर मोठ्याने म्हणाली, “अगंबाई, मग आधी नाही का सांगायचं!” पुढे फिल्म सोसायटीत युरोपातील थोर दिग्दर्शकांचे चित्रपट पाहू लागलो, तेव्हा कोण कोणाचा कोण आणि हे लोक समुद्रकिनाऱ्यावर कशास आले आहेत याचा थांग न लागल्यामुळे माझे सुविद्य मित्र अस्वस्थ होत, मला मात्र घरातून उशिरा निघाल्याचाच तो जुना, परिचित आनंद होई. अव्वल कारकुनांनी ही नोंद तपासून ‘संस्कार : काकांचे स्नान’ असा शेरा मारला आणि मला तो मान्य करावा लागला.

माझ्या उताऱ्यावरील दुसरी महत्त्वाची नोंद गणेशोत्सवातील आहे. त्या काळी मंडळे आरास झाल्यावर एखाद्या रात्री रस्त्याच्या मधोमध दोन बांबूंना पांढरा पडदा ताणून, भाड्याने आणलेल्या सोळा मिलिमीटरच्या यंत्रावर चित्रपट दाखवीत. पडद्याची पुढची बाजू वर्गणीदारांची आणि मागची बाजू इतर जनतेची, अशी अलिखित विभागणी असे. आणि आमच्या वाड्याची वर्गणी नेहमीच वादग्रस्त असल्यामुळे आमचे पोते मागच्या बाजूस पसरले जाई. कापडातून पलीकडे उतरलेले चित्र पुरेसे स्पष्ट दिसे, फरक इतकाच की ते उलट दिसे. नावांच्या पाट्या उलट्या, दुकानांचे फलक उलटे, मोटारी रस्त्याच्या भलत्याच अंगाने धावणाऱ्या. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट ही, की सबंध हिंदी चित्रसृष्टी डावखुरी. नायक डाव्या हाताने जेवतो, खलनायक डाव्या हाताने पिस्तूल रोखतो, न्यायाधीश डाव्या हाताने निकाल लिहितो. या डावखुऱ्या जगात उजव्या हाताने व्यवहार करणारा एकच भरवशाचा मनुष्य आम्हांस आढळे, आणि तो म्हणजे अमिताभ बच्चन.

तो मुळात डावखुरा आहे, हे मला पुष्कळ उशिरा, पुढच्या बाजूस बसण्याइतकी वर्गणी भरल्यानंतर कळले, आणि त्या रात्री मला झालेले दुःख हत्तीच्या निधनाहून कमी नव्हते. परंतु आजही दोन समीक्षकांचा एखाद्या चित्रपटावरून कज्जा जुंपला, की त्यांपैकी कोणता पडद्याच्या कोणत्या बाजूस बसला होता याची चौकशी करण्याकडे माझी स्वाभाविक प्रवृत्ती होते.

पडद्याच्या दोन्ही बाजूंस सारखाच दिसणारा हस्तक्षेप सरकारचा. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा आणीबाणी जारी होऊन जेमतेम सात आठवडे झाले होते. मूळ चित्रीकरणात ठाकूर आपल्या खिळ्यांच्या जोड्यांनी गब्बरसिंगाचा निकाल लावतो. परंतु खाजगी गृहस्थाने कायदा पायांत घ्यावा (हात त्या बिचाऱ्यास ठेवलेच नव्हते) ही गोष्ट परिनिरीक्षण मंडळास नापसंत पडल्यामुळे शेवट बदलून ऐन क्षणी पोलीस आणण्यात आले. आमच्या संपूर्ण पिढीची न्यायव्यवस्थेविषयीची धारणा या एका फेरफाराने निश्चित झाली. पोलीस येतात खरे, पण सर्व हाणामारी आटोपल्यावर येतात, ही शिकवण आम्हांस सरकारनेच आपल्या शिक्क्यानिशी दिली.

येथवर मंडळी निदान उघडपणे कबुलीजबाब देतात. खरी पंचाईत दादा कोंडके यांच्या नावापाशी होते. ‘सोंगाड्या’ १९७१ साली आला, पुढे ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, ‘पांडू हवालदार’ अशी रांगच लागली आणि ओळीने नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे करून गिनीजच्या बुकात नाव लागले. आता पंचवीस-पंचवीस आठवडे भरलेल्या त्या थिएटरांत कोणीतरी बसले असलेच पाहिजे. परंतु आमच्या ट्रॅकवर चौकशी केली असता दादांचा चित्रपट पाहिलेला एकही इसम आढळून आला नाही. प्रत्येकाने तो ‘मित्राकडून ऐकलेला’ आहे. शिक्षणाधिकारी म्हणून निवृत्त झालेले एक सात्त्विक गृहस्थ तर ‘असले चित्रपट आमच्या घरी निषिद्ध होते’ असे सांगत असताना, पलीकडे कोणीतरी एक संवाद अर्धाच सोडला, आणि त्यांनी तो नकळत, सुरासकट, श्वास कोठे घ्यावयाचा त्यासकट पुरा केला. बाकावर क्षणभर शांतता पसरली. “मित्राची पाठांतरशक्ती दांडगी दिसते,” अव्वल कारकून म्हणाले. वास्तविक वसंत सबनीसांसारख्या लेखकाच्या हातचा ‘सोंगाड्या’ हा लोकनाट्याच्या परंपरेतील अस्सल विनोद आहे आणि तो पाहिल्याचे कबूल करण्यात कमीपणा कसला, असे माझे मत. परंतु ज्या गोष्टीस आपण मनमुराद हसलो तीच गोष्ट आपल्या योग्यतेची नव्हती असे मागाहून ठरविणे, हा आमच्या सुशिक्षित वर्गाचा आवडता छंद आहे.

याच्या उलट टोकास रडण्याचा अभिमान. माझ्या आत्याबाईंचे चित्रपटविषयक मोजमाप फार शास्त्रशुद्ध होते. ‘बरा होता’ म्हणजे डोळ्यांच्या कडा ओलावल्या, ‘चांगला होता’ म्हणजे रुमाल भिजला, आणि ‘उत्तम होता’ म्हणजे रुमाल संपून पदरावर आले. १९५३ सालचा आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’, ज्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, तो त्यांच्या दप्तरी कित्येक वर्षे पहिल्या क्रमांकावर होता. १९९१ साली ‘माहेरची साडी’ आला आणि आत्याबाई तो पाहून आल्या त्या दिवशी पदराचे दुसरे टोकही कामी आले होते. चित्रपट कसा होता असे विचारताच त्या हुंदका आवरून म्हणाल्या, “फार मज्जा आली रे.” ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेविषयी जे प्रतिपादन करण्यास एक ग्रंथ खर्ची घातला, ते आमच्या आत्याबाईंनी ओल्या पदरानिशी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहून चार शब्दांत निकालात काढले.

कलात्मक चित्रपटांची माझी जी काही जाण आहे, ती मात्र सर्वस्वी दूरदर्शनची आणि तीर्थरूपांच्या दुपारच्या झोपेची देणगी आहे. शनिवारी संध्याकाळी मराठी आणि रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट, हा क्रम सर्वांच्या परिचयाचा. ऐन रहस्याच्या जागी ‘व्यत्यय’ अशी पाटी येई, आणि ती हलेपर्यंत वाड्यातील प्रत्येक जण आपापल्या मगदुराप्रमाणे कथानक पुढे नेत असे. परंतु माझे शिक्षण झाले ते रविवारी दुपारच्या प्रादेशिक चित्रपटांवर. भाषा मल्याळम, कन्नड, बंगाली वा असमिया, खाली पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी, आणि पोटात नुकतेच झालेले रविवारचे जेवण. वडील आरामखुर्चीत पाय ताणून मला फर्मावीत, “मी जरा पडतो. काही घडलं तर हाक मार.”

पडद्यावर एक वृद्ध गृहस्थ ओसरीवर बसलेला असे. पाऊस पडत असे. तो पावसाकडे पाही, आणि बऱ्याच वेळाने आत पाही. आता हे घडणे म्हणावयाचे की नाही? उगाच हाक मारली तर वडील रागावणार, आणि न मारावी तर महत्त्वाचा प्रसंग हुकल्याचा ठपका माथी येणार; या जबाबदारीपोटी मी त्या वृद्धाच्या चेहऱ्यावरील सुरकुतीन् सुरकुती इतक्या काळजीने न्याहाळीत असे, की ‘काही घडले’ याची व्याख्या माझ्यापुरती हळूहळू बदलत गेली. त्याने एकदा कंदिलाची वात खाली केली, तेव्हा माझ्याने राहवेना आणि मी हाक मारली. वडिलांनी डोळे किलकिले करून अंधारलेला पडदा पाहिला, “वीज गेली होय?” म्हणाले, आणि कूस पालटली.

व्हिडिओचा काळ आला आणि गेला. रात्रीच्या भाड्याने आणलेले यंत्र पहाटेपर्यंत वसूल करण्याच्या ईर्षेने एका बैठकीत तीन-तीन चित्रपट पाहिल्यामुळे पहिल्याचा नायक, दुसऱ्याची नायिका आणि तिसऱ्याचा खून असा एक चौथाच चित्रपट सर्वांच्या स्मरणात राहिला आहे, यापलीकडे त्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. अपवाद मालेगावचा. अव्वल कारकुनांची काही वर्षे मालेगावच्या कचेरीत गेली असल्यामुळे त्या गावाची बाजू ते मोठ्या तळमळीने मांडतात. यंत्रमागांच्या खडखडाटात आठवडा काढून शुक्रवारच्या सुट्टीस चित्रपटगृहे तुडुंब भरविणारे ते गाव. तेथे व्हिडिओवर परदेशी आणि मुंबईचे चित्रपट पाहून तयार झालेल्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. घोडे परवडण्यासारखे नव्हते, म्हणून डाकू सायकलींवर बसविले. फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये त्या उद्योगावर माहितीपट केला आणि रीमा कागती यांचा त्यावरील चित्रपट २०२५ साली चित्रपटगृहांत लागला. “अख्ख्या जिल्ह्यात उतारा स्वच्छ असलेलं तेवढं एकच गाव,” अव्वल कारकून म्हणतात. “काय पाहून बिघडलो ते त्यांनी चित्रपटाच्या नावातच लिहून टाकलं. नाहीतर तुम्ही!”

स्वतः अव्वल कारकुनांचा उतारा आम्ही एकदा मागितला होता. त्यांनी बेधडक ‘सिंहासन’ हे नाव सांगितले आणि वर अशी मल्लिनाथीही केली, की १९७९ सालच्या त्या चित्रपटात मंत्रालय जसे दिसते तसे ते प्रत्यक्षातही आहे, कारण तेथे कोणीही घाईने चालत नाही. परंतु चित्रपट पाहिला तेव्हा आपण नोकरीत होतात, सबब ही खरेदी झाली, अशी हरकत शाखाधिकाऱ्यांनी सूड उगविल्याच्या आनंदात घेतली, आणि सुनावणी तहकूब झाली. ती आजतागायत तहकूब आहे.

या अपमानामुळेच असेल, निदान नातवाचा तरी उतारा पहिल्या नोंदीपासून निष्कलंक असावा असा निर्धार त्यांनी केला. नातू दुसरीत, राहावयास याच वसाहतीत चार्वाक चौकाजवळ, आणि मोबाइलवर दहा सेकंदांपलीकडे काही न पाहणारा. एका रविवारी आजोबांनी त्याला समोर बसवून भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर प्रभातचा ‘संत तुकाराम’ लावला. दामले-फत्तेलाल यांचा १९३६ सालचा चित्रपट, व्हेनिसच्या महोत्सवात गौरविलेला, विष्णुपंत पागनीसांसारखा तुकाराम. याहून शुद्ध बीज कोणते असणार? पोरगा पहिला अर्धा तास चुळबुळत राहिला, मधूनमधून रिमोटकडे हात नेऊ लागला आणि आजोबा तो परत मागे घेत राहिले. जिजाई कडाडली तेव्हा तो थोडा हसला. आणि अखेरीस तुकोबांना वैकुंठास नेण्यासाठी भला थोरला गरुड पंख हलवीत आभाळातून उतरला, तसा तो ताडकन उठून उभाच राहिला.

“आजोबा, मागे घ्या! परत दाखवा!”

आजोबांनी परत दाखविले. मग पुन्हा. मग पुन्हा, आजी पोहे घेऊन बाहेर येईपर्यंत. डोळ्यांतील पाणी धोतराच्या सोग्यास पुसून ते कृतार्थ मुद्रेने आजीला म्हणाले, “विचार त्याला, काय पाहिलंस.”

“काय पाहिलंस रे, बाळा?”

“मोठ्या पक्ष्याचा पिक्चर,” तोंडात पोह्यांचा घास कोंबीत पोरगा म्हणाला. “त्यात एक माणूसपण आहे.”